तांबडीच्या बाळंतपणाची मुदत

कोंबडी खुडूक बसते ती कुणाला विचारून बसत नाही. घरात मयत आहे का पाहुणे आहेत, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आमची तांबडी बसली ती नेमकी नोटिशीच्या दिवशी. सकाळी दाराला कागद चिकटवून गेले आणि दुपारी तांबडी न्हाणीमागच्या कोळशाच्या पाटीत जाऊन फुगून बसली. मी हात घातला तर मनगटाला चोच मारली आणि घशातून अशी काही गुरगुरली की मला माझी थोरली नणंद आठवली.

नोटीस अशी होती की पंपहाउसमागच्या ओळीतली सहा घरं मोडकळीला आली आहेत, ती पाडायची आहेत, दहा दिवसांत रिकामी करावीत. मोडकळीला आली म्हणे. चौतीस वर्षं मी त्या घरात राहिले. भिंतीला हात टेकून दोनदा बाळंत झाले, तेव्हा कुणी विचारलं नाही भिंत कशी आहे म्हणून.

आमचे हे पंपावर होते. आता मुलगा तिथंच आहे. घर म्हणजे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात कपडे धुवायचा दगड आणि सहा घरांत मिळून एक नळ. त्या नळावर कुणाची बादली आधी लागायची ते मी ठरवायचे. हे कुणी मला दिलेलं काम नव्हतं. काही कामं माणसाला शोभतात म्हणून त्याच्याकडे येतात. आणि चार वाजता पंप सुरू झाला की फळीवरच्या ताटल्या किणकिणायच्या. ते किणकिणलं की मी चहाचं आधण ठेवायचे, कारण हे घरी यायचे. हे जाऊन तीन वर्षं झाली. ताटल्या किणकिणायच्या थांबल्या नाहीत, म्हणून मीही थांबले नाही.

नवं घर चौथ्या मजल्यावर मिळणार होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा बघून आला आणि म्हणाला, "आई, तिथं स्वयंपाकघरात दोन नळ आहेत. आपले स्वतःचे."

"मग मी भांडू कुणाशी?" मी विचारलं. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

सूनबाई फारसं बोलतच नाही. लग्न होऊन सहा वर्षं झाली, मांडीवर काही नाही. पहिली दोन वर्षं मी तिला त्यावरून बोलले, मग बोलायची थांबले. थांबले ते चांगुलपणानं नाही. बोललं तरी ती उलटून उत्तर देत नाही, मग बोलण्यात काय राम?

सहापैकी तीन घरं आठ दिवसांत रिकामी झाली. जाणाऱ्यांनी दारांच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या. आता ओळीत आम्ही उरलो, शेजारचे रिटायर कंपाउंडर उरले, आणि टोकाला शिवणवाली, जी मशीन उचलायला माणसं मिळत नाहीत म्हणून उरली होती. नळाला रांग उरली नाही. मी सकाळी बादली घेऊन जायचे आणि कुणालाही मागे ढकलल्याशिवाय परत यायचे. त्या पाण्याला काही चव लागेना.

"तांबडीला टोपलीत घाला आणि चला," मुलगा म्हणाला.

"खुडूक कोंबडी हलवली तर खंगून मरते," मी म्हटलं. हे खरं नाही. पण माझ्या घरात कोंबड्यांबद्दल मी म्हणते ते खरं असतं. माझ्या हाताखाली कमीत कमी चाळीस रवणी, म्हणजे उबवायला बसवलेल्या कोंबड्या, उतरल्या आहेत. रवणीला अंडी मांडायची मी आणि पिल्लं उचलायची साऱ्या ओळीनं, असा आमचा रिवाज.

म्हणून मी मुदत मागायला वसाहतीच्या ऑफिसात गेले.

तिथं जो कारकून बसतो त्याला सगळे शिक्के म्हणतात. बोलायच्या आधी तो शिक्का हातात घेतो, जसा एखादा पोलीस काठी घेतो. मला त्यानं उभंच ठेवलं. मी स्वतःच खुर्ची ओढली.

"मुदतीला कारण लागतं, मावशी."

"कारण आहे. कोंबडी खुडूक बसली आहे."

त्यानं शिक्का खाली ठेवला. फॉर्म माझ्यापुढं धरला, मग माझ्या डोळ्यांकडे बघून स्वतःच वाचून दाखवला. "यात तीनच कारणं आहेत. आजारपण, मयत आणि बाळंतपण. कोंबडी नाही."

"ती आजारी आहे का?"

"मला काय माहीत?"

"मी सांगते. नाही. मेली आहे का? नाही. मग तुमच्या तिन्हींतलं राहिलं काय?"

त्यानं फॉर्म पुन्हा एकदा वाचला. माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेर जायची त्याची तयारी नव्हती आणि नियमात मी त्याला बरोबर बसवला होता. "बाळंतीण कुटुंबातली आहे का?" त्यानं विचारलं.

"तीन वर्षं आमच्या घरात खाते."

"आणि किती दिवस पाहिजेत?"

"पिल्लं निघेपर्यंत."

त्यानं काहीतरी लिहिलं, साहेबाकडे आत नेलं, साहेबानं न वाचता सही केली. शिक्केनं बाहेर येऊन शिक्का मारला. घरी मुलानं तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. लिहिलं होतं, 'घरातील प्रसूती पार पडेपर्यंत मुदत मंजूर.'

"आई, हे एकवीस दिवसांचं झालं."

"तारीख लिहिली आहे का?"

"तारीख नाही."

"मग एकवीस कुठून आणलेस?"

"कोंबडी एकवीस दिवसच बसते ना! आणि बाविसाव्या दिवशी काय? पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत ताबा घेतला नाही तर आपलं नाव यादीत खाली जाईल. मागे दोनशे माणसं उभी आहेत."

माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. प्रसूती पार पडेपर्यंत. आणि पारच पडली नाही तर?

आमच्याकडे कोंबडा नाही. होता, पण कंपाउंडरांची झोपमोड होते म्हणून त्यांनी तीन अर्ज केले आणि शेवटी कोंबडा गेला. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यात जीव धरत नाही, हे ओळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रवणीची अंडी नेहमी बाहेरून, कोंबडा असलेल्या घरून आणावी लागत. मी पिशवी घेतली, सगळ्यांना सांगितलं की पाण्याच्या टाक्यांवरच्या बागेतल्या माळ्याकडे कोंबडा आहे, त्याच्याकडून आणते. आणि टाक्यांच्या उलट्या दिशेला चालत गेले, बाजाराच्याही पलीकडे, जिथं मला कुणी ओळखत नाही अशा दुकानात. दुकानातली अंडी पांढरीशुभ्र असतात आणि आतून मुकी. त्यांवर कोंबडी बसली काय आणि बटाट्यांवर बसली काय, सारखंच.

नऊ आणली. मुलाच्या निळ्या पेन्सिलीनं प्रत्येकावर फुली मारली, कारण रवणीच्या अंड्यांना मी नेहमी फुली मारते, आणि लबाडी करायची तर ती नेहमीच्या शिस्तीनं करावी. टोपलीत राख, वर भुसा, मध्ये खळगा. तांबडीनं नऊच्या नऊ पोटाखाली ओढून घेतली, चोचीनं एकेक नीट केलं आणि माझ्याकडे असं बघितलं जसं आजवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. विश्वासानं. मी तिथून उठले.

ओळ एकदमच पाडायची होती, म्हणून आमच्या कागदावर कंपाउंडर आणि शिवणवालीही राहिले होते. कंपाउंडर दुसऱ्याच दिवशी आले. रिटायर माणसाला दुसऱ्याची बाळंतीण दिसली की दवाखान्याची आठवण येते.

"वहिनी, उष्णता बघायला हवी." त्यांनी खिशातून तापाची काच काढली.

"कंपाउंडर, तिला ताप नाही."

"तिला नाही, अंड्यांना!" आणि त्यांनी ती काच तांबडीच्या पोटाखाली सरकवली. तांबडीनं आधी त्यांची करंगळी फोडली, मग काच ओढून घेतली आणि तिच्यावर बसली. दुसऱ्या दिवशी दाणापाण्याला उठेपर्यंत ती काच तिनं दिली नाही. मी मनात म्हटलं, निदान एका गोष्टीत तरी जीव आहे, पारा खालीवर होतो.

तरी त्यांचा पिच्छा सुटेना. "सातव्या दिवशी बॅटरी लावून बघायचं. आत लाल शिरा दिसल्या तर फळलं, नाही तर फेकायचं."

"माझ्या रवणीला आजवर बॅटरी लागली नाही," मी म्हटलं. "आणि मला आजवर कुणी पोकळ अंडं गळ्यात मारलेलं नाही." हे मी इतक्या जोरात म्हटलं की शिवणवालीनं मशीन थांबवली.

सातव्या दिवशी सकाळी दारात नर्स आली. पांढरे कपडे, हातात बॅग, वही. "बाळंतीण कुठं आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शिक्केचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला होता, तिथून दवाखान्यात, आणि दवाखान्यानं नियमाप्रमाणे माणूस पाठवला होता. नर्सनं वही उघडली. "सून असेल ना? कितवा महिना? नाव कुठंच नोंदलेलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली असं वहीत आहे, इतक्या वर्षांनी दिवस राहिले आणि आधी दाखवलं नाही, हे काय हो, सासूबाई?"

सूनबाई मागच्या दारात भांडी घेऊन उभी होती. शिवणवाली नर्सला बघून धावत आली होती, आणि तिनं जे ऐकायचं ते ऐकलं. "अगं बाई!" म्हणून तिनं सूनबाईला मिठीच मारली. "मला सांगितलं नाहीस! मी आजच टोपडं शिवायला घेते. पिवळं घेते, मुलगा-मुलगी काही झालं तरी चालेल."

मला त्या वेळी बोलायला हवं होतं. मी, जी कधी गप्प बसत नाही, ती गप्प बसले. सूनबाईनं भांडी खाली ठेवली, हात पुसले, आणि नर्सला म्हणाली, "बाळंतीण न्हाणीमागे आहे. चला, दाखवते."

ती नर्सला टोपलीपाशी घेऊन गेली. तांबडी फुगली, गुरगुरली. नर्सनं वहीत बघितलं, तांबडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझी दोन बस बदलून फेरी झाली," एवढंच ती म्हणाली. मग जाताना लोहाच्या गोळ्यांची पुडी काढून सूनबाईच्या हातात ठेवली. "घे. अशक्त दिसतेस."

शिवणवालीला काय झालं ते समजायला वेळ लागला. समजल्यावर ती घरी निघून गेली. सूनबाई नेहमीप्रमाणे हसली, म्हणाली, "गंमतच झाली, आई." मग तिनं घासलेली भांडी परत घासायला घेतली. तासभर घासत होती.

मी तरातरा ऑफिसात गेले, शिक्केला चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, "मावशी, नोंद दुरुस्त करायची तर कारण बदलावं लागेल. कारण बदललं तर मुदत रद्द." मी दारापर्यंत गेले, परत फिरले, परत दारापर्यंत गेले. शेवटी नोंद तशीच ठेवली. त्या दिवशी माझ्या मनात कुठलं पारडं जड झालं ते मला माहीत आहे आणि मला त्याचा अभिमान नाही.

घरी आले तर सूनबाई पिशवी भरून उभी. "दोन दिवस माहेरी जाऊन येते, आई."

तिच्या माहेरच्यांचं खेड्यात घर, शेजारीपाजारी गुरंढोरं. मी म्हटलं, "जा." दुसरं काय म्हणणार? मुलगा माझ्याशी बोलला नाही. ती परत येणार नाही असं त्याला वाटत होतं, आणि मला तर खात्रीच होती. मी असते तर आले नसते.

ती आली. नवव्या दिवशी संध्याकाळी, पिशवी छातीशी धरून, बसमधून सारा रस्ता उभी राहून. "बसायला जागा नव्हती का?" मी विचारलं. "होती. धक्के बसतात," ती म्हणाली. मला वाटलं, कंबर दुखत असेल. म्हणाली, "आजपासून तांबडीचं दाणापाणी मी बघते. तुम्हाला वाकायला त्रास होतो." मला वाकायला काही त्रास होत नाही, पण त्या घटकेला ती मला काहीही म्हणाली असती तरी मी हो म्हटलं असतं. शिवाय टोपलीत बघण्यासारखं मला काय होतं? जे निघणारच नाही त्याची वाट कोण बघणार!

एकविसावा दिवस आला. कंपाउंडर खुर्ची घेऊन अंगणात बसले. शिवणवाली आली. मी गंभीर चेहरा केला, टोपलीला कान लावला आणि म्हटलं, "अजून नाही. थंडी पडली की उशीर होतो." बावीस, तेवीस. चोविसाव्या दिवशी शिक्के स्वतः आला. मी त्याला न्हाणीमागे नेलं. तांबडी बसलेली. "पार पडली का?" "नाही." त्यानं वहीत लिहिलं 'प्रसूती लांबली' आणि गेला. मी जिंकले होते. आता ही कोंबडी वर्षभर बसेल, आणि पाडायला आलेली माणसं वर्षभर दारातून परत जातील, असा माझा हिशेब होता.

त्याच दुपारी मी कितीतरी दिवसांनी तांबडीकडे नीट बघितलं. तुरा पांढुरका पडला होता. पाठीवर हात ठेवला तर हाडाची कड लागली. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते आणि धावत परत येते, अंडी गार होतील म्हणून. एकवीस दिवस तिला ते झेपतं, तिचं अंग तेवढ्याचंच असतं. पुढं झेपत नाही. पण तिला कुणी सांगायचं की आत कुणी नाही? मी कणी पुढं धरली. तिनं चोच फिरवली. चोच मारली नाही, नुसती फिरवली. तेवढ्यात चार वाजले, पंप सुरू झाला, ताटल्या किणकिणल्या. आधण ठेवायला मी उठले नाही. म्हटलं, उद्या हिला उठवायची. अंडी फेकून द्यायची. जे व्हायचं ते होईल.

दुसऱ्या दिवशी उठवली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. रोज म्हणायचे, उद्या. मुलगा कॅलेंडरकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॅलेंडरकडे. एक दिवस सूनबाईला म्हणाला, मला ऐकू जाईल असं, "गेलं ते घर आता. दोनशे माणसांच्या मागं उभं राहू." सूनबाई म्हणाली, "चार दिवस थांबा."

"चार दिवसांनी काय होणार आहे?"

"थांबा तर."

तिसाव्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. न्हाणीमागून आवाज आला. चिव. मी म्हटलं, चिमणी असेल. पुन्हा. चिव, चिव. चाळीस रवणी उतरवलेल्या बाईला तो आवाज कळत नाही असं कसं होईल? तोंडात फेस तसाच ठेवून मी धावले.

तांबडीच्या पंखातून एक ओलं, चिकट डोकं बाहेर आलं होतं. टोपलीत कवचाचे तुकडे. एका तुकड्यावर निळी फुली.

मी तिथंच राखेत बसले. मनात काय काय आलं ते सांगत नाही. एवढं सांगते, की देव, भूत आणि दुकानदार, तिघांवरही माझा संशय गेला. माझ्यामागे कंपाउंडर ओरडले, "निघाली! वहिनी, निघाली!" शिवणवाली धावत आली, मुलगा बनियनवर आला. दुपारपर्यंत सात निघाली. दोन अंडी तशीच राहिली. पिवळी, काळपट, एक मानेला बोडकं. तांबडी त्यांच्याशी घशातल्या घशात बोलत होती. तुरा पांढरा तो पांढराच, पण मान ताठ.

संध्याकाळी अंगणात सगळे जमले तेव्हा मुलानं विचारलं, "पण तीस दिवस कसे लागले?"

कंपाउंडर घसा खाकरले. तेवीस दिवस गुपित पोटात ठेवून त्यांचा जीव मेटाकुटीला आला असावा. "सांगू का?" त्यांनी सूनबाईला विचारलं. सूनबाईनं मान हलवली.

"सातव्या दिवशी वहिनी ऑफिसात गेल्या होत्या. मी बॅटरी घेऊन आलो. नऊच्या नऊ अंडी बघितली. स्वच्छ! आत काही नाही. काच बरी. हिला म्हटलं, पोरी, ही दुकानातली अंडी आहेत."

"म्हणून मी माहेरून आणली," सूनबाई म्हणाली. "शेजारच्यांकडे कोंबडा आहे. पिशवीत कापूस घालून आणली, आणि तांबडी उठली तेव्हा बदलली. त्या माळ्यानं तुम्हाला फसवलं, आई. दुकानातली अंडी गळ्यात मारली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. फुल्यासुद्धा तशाच मारल्या, निळ्या पेन्सिलीनं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौतीस वर्षांत त्या अंगणात असं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. दया येत होती त्यांना माझी. म्हातारी झाली, डोळे गेले, माळीसुद्धा फसवायला लागला.

मुलगा उठला. "त्या माळ्याला बघतोच मी. उद्या ड्यूटीला जाताना टाक्यांवर जातो आणि सगळ्यांसमोर..."

तो माळी बिचारा माझ्याशी आयुष्यात दोन वाक्यंही बोलला नव्हता.

माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. एक, म्हणायचं की मला कुणी फसवलं नाही, मीच तुम्हा सगळ्यांना फसवलं, घर जायची वेळ आणली, कोंबडीला उपाशी बसवलं आणि सुनेला साऱ्या ओळीसमोर उभं केलं. दुसरी, मान खाली घालायची. मी सूनबाईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. त्या चेहऱ्यावरून मला आजवर कधी काही कळलं नाही, त्या दिवशीही कळलं नाही.

"जाऊ दे त्याला," मी मुलाला म्हटलं. "गरीब माणूस आहे. माझंच चुकलं. मला कळलं नाही."

मला कळलं नाही. ही तीन अक्षरं... तीन शब्द म्हणा. माझ्या तोंडून ते याआधी कधी निघाले असतील तर मला आठवत नाहीत. बोलताना दाढ काढल्यासारखं झालं.

"मग जाऊ दे," सूनबाई नवऱ्याला म्हणाली. "आई म्हणतायत ना."

दुसऱ्या दिवशी शिक्के आला. पिल्लं मोजली, वहीत लिहिलं, 'प्रसूती पार पडली, अपत्ये सात.' माझी सही घेतली. मी मोठ्या अक्षरात सही करते, रकान्यात मावत नाही. मग शिक्का मारला आणि म्हणाला, "अभिनंदन, मावशी. परवापर्यंत घर रिकामं करा."

तेरा तारखेला टेम्पो आला. सामान चढवून झाल्यावर मी फळी बघायला आत गेले. चार वाजले नव्हते. थांबून उपयोग नव्हता, ताटल्या पोत्यात बांधल्या होत्या. टोपली मी मांडीवर घेतली. शिवणवालीनं त्या पिवळ्या कापडाचं टोपलीला झाकण शिवून दिलं होतं. सूनबाईनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि नीट घातलं.

आता आम्ही चौथ्या मजल्यावर असतो. नळ दोन आहेत, भांडायला कुणी नाही. शेजारी दार लावून राहतात. फळीवरच्या ताटल्या गप्प. मी घड्याळ बघून आधण ठेवते आणि रोज दहा मिनिटं चुकते. गच्चीवर जायला मनाई आहे, म्हणून तांबडी आणि पिल्लं बाल्कनीत. सातांतली दोन पहिल्याच आठवड्यात गेली, एक गजांतून खाली पडलं. चार मोठी झाली, ती सूनबाईच्या भावानं खेड्यात नेली. आम्ही सोडलेलं घर पाडलं असं कंपाउंडरांचं पत्र आलं. त्यांनी नको असताना मोजून लिहिलं होतं, पाडायला एक दुपार लागली.

परवा तांबडी पुन्हा खुडूक बसली. बाल्कनीच्या कोपऱ्यात, रिकाम्या टोपलीत, पोटाखाली काही नाही. तिचा तुरा आता लाल झाला आहे. मी शेजारी पाट घेऊन बसले होते. सूनबाई कपडे वाळत घालत होती.

"आई, बसली वाटतं," ती म्हणाली. "अंडी कुठून आणायची? माहेरून आणू?"

"काय घाई आहे?" मी म्हटलं. "इथून काही कुणी उठवत नाही. आण दुकानातली. दोन दिवस बसू दे, मग उठवू."

तिनं एक चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली. चादरीआडून तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"फुल्या मी मारू, का तुम्ही?"

मी तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं चोच मारली.

"तूच मार," मी म्हटलं. "तुझा हात बसलाय."